गल्ला एक होता तोवर : बर्डीवरच्या एका दुकानाबद्दल

बर्डीकर

परवा गल्ला घरी आणला. सागवानी आहे, उतरत्या झाकणाचा, झाकणाला चिल्लर टाकायची फट, आत चाराणे-आठाणे-रुपयासाठी वाट्यांसारखे कोरलेले खण. तिसऱ्या मजल्यावर चढवताना दोन हमाल घामाघूम झाले. बायकोने विचारलं, "ठेवायचा कुठं?" उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा काढून बसलोय.

नागपूरबाहेरच्यांसाठी : बर्डी म्हणजे सीताबर्डी. व्हरायटी चौकातून लोहापुलाकडे जाणारा जो मेन रोड, त्यावर आमचं दुकान होतं. तळघर, तळमजला, पोटमाळा, पहिला मजला. टाचणीपासून कुकरपर्यंत आणि लंगोटापासून शालूपर्यंत सगळं एका छताखाली. आता तिथं मोबाइलची शोरूम लागते आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही. दोन काका हयात आहेत आणि दोघांचाही रक्तदाब वर आहे.

आजोबा आर्वीहून आले ते इतवारीत एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी म्हणून. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. सचिवालयातले बाबू, हायकोर्टातले वकील, एजी (महालेखापाल) ऑफिसचे कारकून सगळे बर्डी, धंतोली, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला राहणारे. यांच्या घरच्या बायकांना इतवारीच्या गर्दीत गादीसमोर बसून तासभर घासाघीस करणं जिवावर येतं, हे आजोबांनी पाहिलं. त्यांनी बर्डीवर दोन गाळे घेतले आणि पाटी लावली : 'एकच भाव'. गिऱ्हाईक सुरुवातीला हसायचं. एकच भाव म्हणजे जास्तच असणार, असा सरळ हिशेब. पण प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर भाव, हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस दुसरीकडे भांडायला जात नाही.

दुसरं म्हणजे उन्हाळा. आमच्या दाराला वाळ्याच्या ताट्या असायच्या. दुपारी बारापासून एक पोरगा बादली घेऊन उभा, दर दहा मिनिटांनी पाणी मारायचा. मे महिन्यात रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं आणि आत वाळ्याचा तो ओला, मातकट वास. बाया नुसत्या बसायला यायच्या. आजोबा त्यांना बसू द्यायचे, माठातलं पाणी द्यायचे. तासाभराने उठताना त्या निदान रुमाल तरी घ्यायच्याच.

मग १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानीपण संपलं. साहेब आणि बाबू कुणी भोपाळला, कुणी मुंबईला. उधारीच्या वहीतली पानंच्या पानं गाव सोडून गेली. त्या हिवाळ्यात रात्री मोजायला काही नसायचं, तर आजोबा गल्ल्यातली चिल्लर चिंचेने घासून परत ठेवायचे म्हणे. दुकान तगलं ते एम्प्रेस मिलवर. पगाराच्या दिवशी जुम्मा तलावाच्या बाजूने माणसं सरळ बर्डीवर यायची. साहेबांच्या बायकांसाठी काढलेलं दुकान मिल कामगारांनी जगवलं, हे आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने बोललं नाही.

साठ ते पंच्याऐंशी हा आमचा पोळा. चार मुलगे, चार मजले, गल्ला एकच. वरच्या मजल्यावर साडी पसंत पडली की सेल्समन चिठ्ठी आणि नोटा टोपलीत टाकायचा, टोपली दोरीवरून जिन्याच्या पोकळीतून खाली यायची, तिची घंटी वाजायची. आजोबा शिक्का मारून, सुटे पैसे घालून ती परत वर सोडायचे. जूनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जूनमध्ये, शाळा २६ तारखेच्या आसपास उघडतात तेव्हा, पोटमाळ्यावरच्या गणवेशांची घंटी थांबायचीच नाही. रात्री चौघे भाऊ खाली बसून रोजकीर्द लिहायचे. कुठल्या मजल्याने किती कमावलं हे कुणी विचारत नसे. तळघरातली भांडी वर्षभर रडायची आणि लग्नसराईत हसायची. होजिअरी रोज थोडी थोडी. साड्या दिवाळीला. एकाचं नुकसान दुसरा भरायचा, म्हणूनच दुकान होतं.

आजोबा गेले आणि नव्वदच्या दशकात वाटण्या झाल्या. भांडण नाही, कोर्ट नाही, अगदी पेढे वाटून. प्रत्येक भावाला एक मजला. प्रत्येक मजल्याला आपलं बिलबुक आणि आपला गल्ला. दोरी काढली.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. कुकर घेतला, खाली पैसे दिले. पोराचा गणवेश घेतला, पोटमाळ्यावर वेगळी रांग. साडी घेतली, वर तिसरं बिल. खालच्या खरेदीवरची सूट वर चालत नाही. "अहो, पण दुकान एकच ना?" असं बाया विचारायच्या आणि आम्ही हसायचो. मग तळघरातल्या काकांनी भांड्यांसोबत टॉवेल ठेवायला सुरुवात केली, कारण टॉवेल रोज खपतो. टॉवेल तळमजल्यावरही होताच. एके दिवशी एका बाईंनी दोन्ही टॉवेल काउंटरवर शेजारी ठेवले. तोच माल, तीच कंपनी. खाली बेचाळीस, वर पंचेचाळीस. बाहेर पाटी : 'एकच भाव'.

लोक म्हणतात मॉलने मारलं. व्हरायटी चौकात इटर्निटी झाला, मिलच्या जागेवर एम्प्रेस मॉल झाला, खरं आहे. पण ते आले तेव्हा आम्ही आधीच चार टपऱ्या झालो होतो, एका पाटीखालच्या. मला तरी तो टॉवेलाचा दिवसच शेवटचा वाटतो.

तुम्हाला काय वाटतं?

——

तर्रीपोहे

राजेहो, इतकं सारं लिहून राहिला भाऊ अन् नाव नाही सांगून राहिला! अख्ख्या बर्डीला समजलं कोणतं दुकान ते. टोपलीची घंटी म्हटल्यावर अजून काय सांगाव लागते?

माह्या पहिल्या फुलपँटचं कापड तिथलंच. बुढ्याने टेरीकॉट घेऊन देल्लं, मे महिन्यात. टेरीकॉट! नागपूरच्या उन्हात! पाय शिजून निंगाले होते.

——

पुणेरी_पाहुणा

सुंदर लिहिलंय. एक बाळबोध शंका. वाटण्यांनंतरही चौघांनी मिळून एकच कॅश काउंटर ठेवून महिन्याच्या शेवटी हिशेब करता आला नसता का? हे इतकं अवघड का वाटावं?

——

बर्डीकर

@पुणेरी_पाहुणा : अवघड काहीच नव्हतं. गल्ल्यावर बसणार कोण, एवढाच प्रश्न होता. आजोबा बसायचे तेव्हा तो प्रश्न नव्हता.

——

गांधीबाग_ठोक

बर्डीकर भाऊ, लिहिलं झकास, पण मी सहमत नाही. मी गांधीबागेत ठोक कापडाच्या धंद्यात आहे, तिसरी पिढी. तुमच्यासारख्या दुकानांना आम्ही माल दिला आहे आणि त्यांचे चेकही परत आलेले पाहिले आहेत. गल्ले चार झाले म्हणून दुकान बसत नाही. माझ्या ओळखीत एका भावाकडेच अख्खं दुकान राहिलं अशीही आहेत, तीही बसली.

खरं कारण मालाच्या अटींत आहे. पूर्वी कंपनीचा माल आमच्यामार्फत जायचा. साठ-नव्वद दिवसांची उधारी, वर कटती म्हणजे सूट, दिवाळी झाली की हिशेब. दुकानदार आमच्या पैशावर धंदा करायचा आणि आम्ही मिलच्या पैशावर. नव्वदनंतर कंपन्यांनी आपापल्या शोरूम काढल्या, धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवर जाऊन बघा. मोठ्या साखळी दुकानांना त्याच कंपन्या माल नुसता ठेवायला देतात, खपला तेवढ्याचे पैसे, उरलेला परत. तुम्हाला मात्र रोखीने घ्या, उरला तर तुमचं नशीब. म्हणजे ज्या शर्टाची फॅशन गेली त्याचा फटका मॉलमध्ये कंपनीला आणि तुमच्याकडे तुम्हाला. पडतळ, म्हणजे खरेदीचा भाव, सारखी असली तरी जोखीम सारखी नाही. याला कुठला भाऊ काय करणार?

बाकी जकात गेली, २०१३ ला एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ती दोन वर्षांत बहुतेकांची गेली, २०१६ ला नोटाबंदी, २०१७ ला जीएसटी. दरवेळी वह्या नव्याने शिका. मुनीमजींचं वय पासष्ट.

——

बर्डीकर

हे पटलं. आमच्या पोटमाळ्यावर नव्वद सालातले बेलबॉटमसदृश काहीतरी शेवटपर्यंत होते. पण भाऊ, एक गल्ला असता तर तो फटका चौघांत वाटला गेला असता. चार झाल्यावर ज्याच्या मजल्यावर फॅशन गेली तो एकटाच बुडाला. तळमजला चालत होता आणि साड्यांचा मजला व्याजाने पैसे उचलत होता. दोघांत एक जिना. तुमचं कारण आणि माझं कारण एकमेकांना धरूनच आहेत.

——

गांधीबाग_ठोक

हे मात्र कबूल. आणि व्याजाने उचलत होता ते गांधीबागेत सगळ्यांना माहीत होतं, जिन्याखालच्याला सोडून.

——

कलम४२

नाव बघून कळलंच असेल, वकील आहे.

भागीदारी कायदा १९३२ चा. कलम ४२ सांगतं की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार वारला की भागीदारी विसर्जित होते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या दुकानांचे करार मी पाहिले आहेत. त्यात देवाचं नाव, भांडवल, नफ्याचं प्रमाण सगळं असतं आणि 'मृत्यू' हा शब्द नसतो. अशुभ वाटतो म्हणून. मग वडील गेले की मुलं समजतात दुकान चालू आहे, कायद्याच्या दृष्टीने जुनी पेढी त्या दिवशीच संपलेली असते.

शिवाय बर्डीसारख्या जागी एक वेळ अशी येते की दुकान वर्षभर चालवून जे मिळतं त्यापेक्षा शटर भाड्याने दिलं तर जास्त मिळतं. त्यानंतर दुकान चालवणारा भाऊ बाकीच्यांना अडचण वाटायला लागतो.

आता खोचक प्रश्न. चार मुलगे लिहिलंत. मुली किती?

——

बर्डीकर

तीन आत्या. तिघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, पेढे त्याच दिवशीचे.

——

कलम४२

वाटलंच. आजोबांची मिळकत स्वकष्टाची आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलींना मुलांइतकाच वाटा होता, आणि तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच. २००५ च्या दुरुस्तीची वाट बघायची गरज नव्हती, ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीसाठी. सह्या केल्या म्हणजे कायदेशीर सगळं ठीक. पण वाटण्या 'पेढे वाटून' झाल्या हे वाक्य सात जणांपैकी चौघांचं आहे.

——

अंबाझरी

+१ @कलम४२. माझ्या आईकडेही अगदी हेच, फक्त पेढ्यांऐवजी करदोडे होते, नातवंडांना.

——

इंदोरा_चौक

बर्डीकर दादा, १९५६ लिहिलंत आणि १ नोव्हेंबरपासून सुरुवात केलीत. त्याच्या अठरा दिवस आधी १४ ऑक्टोबर होता. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तो दिवस. लाखो लोक आले होते, पांढऱ्या कपड्यांत. माझी आजी तेव्हा सतरा वर्षांची. ती सांगायची की आठवडाभर आधीपासून पांढरं लुगडं शोधत बाया अख्खं नागपूर पालथं घालत होत्या. तिला शेवटी बर्डीवर मिळालं. तुमच्याच दुकानात की शेजारच्या, मला माहीत नाही.

पण 'एकच भाव' बद्दल सांगते. तुम्ही ते घासाघीस टाळायची सोय म्हणून लिहिलंत. आजीसाठी ती सोय नव्हती. इतर दुकानांत आमच्या लोकांना बाहेर उभं ठेवून लांबून कापड दाखवायचे आणि भाव माणूस बघून सांगायचे. चिठ्ठीवर लिहिलेला भाव सगळ्यांना तोच. आजीला वाचता येत नव्हतं. ती चिठ्ठी वडिलांकडून वाचून घ्यायची आणि मगच पैसे काढायची. म्हातारपणीसुद्धा भाजीवाल्याने भाव सांगितला की म्हणायची, "लिहून दे."

——

बर्डीकर

ताई, आभार. आजोबा पांढऱ्या मालाबद्दल बोलायचे. "दसऱ्याला एक ताका उरला नाही आणि दिवाळीला एक गिऱ्हाईक उरलं नाही," असं. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या, हे मी आज पहिल्यांदा जोडून पाहिलं.

——

थंडीतला_नागपूरकर

मी वीस वर्षं टोरांटोत आहे. इथं ईटन्स म्हणून दुकान होतं, त्याची आठवण झाली. आयर्लंडहून आलेल्या टिमथी ईटनने १८६९ मध्ये यंग स्ट्रीटवर काढलं. त्यानेही तेच केलं होतं : एकच भाव, उधारी नाही, माल पसंत नाही पडला तर पैसे परत. १८८४ पासून टपालाने मालाची यादी छापून पाठवायचे. गावखेड्यातली मंडळी त्यातून घरसामान मागवायची आणि जुनी झाली की तिची पानं संडासात जायची. पिढ्यान् पिढ्या घराण्यातच राहिलं. १९७६ मध्ये ती यादी बंद केली, १९९७ मध्ये दिवाळखोरीपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं, १९९९ मध्ये दिवाळं निघालं. ज्या सिअर्सने उरलेलं विकत घेतलं तेही कॅनडातून २०१८ च्या जानेवारीत गेलं. ईटन सेंटर नावाचा मॉल मात्र आहे, गर्दीने वाहतो. आत ईटन्स नाही.

अवांतर : बाहेर उणे अठरा आहे आणि मला वाळ्याच्या ताटीचा वास येतोय.

——

तर्रीपोहे

म्हणजे जिकडे तिकडे सारखंच आहे बाप्पा. अन् मॉलचं काय सांगता, ते बिग बझार पाहा ना. मोठ्या तोऱ्यात आलं. वर्धमान नगरात काय गर्दी राहे, पोट्टे ट्रॉलीत बसून फिरत. २०२२ मध्ये पाट्या उतरल्या, रिलायन्सच्या लागल्या. बर्डीचं दुकान गेलं तर चार भाऊ रडले तरी, त्याच्यासाठी कोण रडलं?

यंदा मारबतीच्या मिरवणुकीत एक बडग्या, म्हणजे नकोशा गोष्टीचा पुतळा, ऑनलाइन खरेदीचा काढा म्हणतो मी. घेऊन जा गे मारबत!

——

पुणेरी_पाहुणा

बडग्याचं सामान ऑनलाइन मागवणार का?

——

तर्रीपोहे

@पुणेरी_पाहुणा : हे मात्र पुण्याचंच डोकं आहे, मानलं.

——

काउंटरमागे

बरेच दिवस इथं नुसता वाचतो. आज खातं उघडून लिहितोय.

बर्डीकर, माझे बाबा तुमच्याकडे होते. पहिल्या मजल्यावर, साड्यांच्या काउंटरला, एकतीस वर्षं. तुम्ही लहानपणी गाठोड्यांवर उड्या मारायचात ते त्यांना आठवतं.

तुम्ही टोपली, घंटी, वाळा सगळं लिहिलंत. त्या टोपलीत चिठ्ठी टाकणारे हात लिहिले नाहीत. दुकान एक होतं तेव्हा बावीस माणसं होती. वाटण्या झाल्या आणि प्रत्येक मजला वेगळी पेढी झाला, तेव्हा माणसंही वाटली गेली. पाच इकडे, सहा तिकडे. त्या दिवशी पेढे आम्हालाही मिळाले होते. बाबा निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटी मागायला गेले. उत्तर मिळालं की कायदा निदान दहा माणसं असली तरच लागतो आणि आमच्या मजल्यावर तर सहाच आहेत. पाकिटात एक महिन्याचा पगार, एक शाल, नारळ.

बाबांचा राग नाही. ते आजही बर्डीवरून जाताना त्या शटरला हात लावून नमस्कार करतात, आणि मला तेच सहन होत नाही.

——

कलम४२

@काउंटरमागे : तेव्हा लागू होता तो ग्रॅच्युइटी कायदा १९७२ चा. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. एकदा आस्थापनेला लागू झाला की नंतर माणसं दहापेक्षा कमी झाली तरी लागूच राहायचा, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं. वाटण्यांनंतरच्या पेढ्या म्हणजे जुनीच आस्थापना की नव्या, यावर वाद घालता आला असता आणि मी तो आनंदाने घातला असता. किती वर्षं झाली?

——

काउंटरमागे

अकरा.

——

कलम४२

उशीर झाला आहे, पण कागद असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बघते.

——

बर्डीकर

काल रात्री हे वाचलं आणि काही लिहिता आलं नाही.

मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. मी तेव्हा तिशीत होतो, वडिलांचा मजला तळमजला, आणि वरच्या काकांनी काय केलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. 'त्यांच्या मजल्याचं ते बघतील', हे वाक्य आमच्या घरात रोजचं झालं होतं. तुम्हाला व्यनि केला आहे. बाबांना भेटायला यायचं आहे, त्यांना चालणार असेल तर.

——

अंबाझरी

इतकं गंभीर चाललं असताना एक किरकोळ गोष्ट विचारू का? हा धागा वाचून आईची जुनी पेटी उघडली. करवतकाठी साडी निघाली, तिच्या पहिल्या पगाराची, बर्डीवरच्या याच दुकानातली (आई म्हणते हेच). घडीला अजून टाचणीने चिठ्ठी लावलेली आहे. एका बाजूला ४८५ रु. आणि मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात 'तिरबा'. हे तिरबा कोण?

——

पुणेरी_पाहुणा

विणकराचं नाव असेल. तिरबा कोष्टी वगैरे. करवतकाठी विणणारे विदर्भातले कोष्टीच ना? फार रोमांचक आहे हे, जपून ठेवा.

——

बर्डीकर

विणकर नाही. ती दुकानाची आतली भाषा आहे, पडतळ लिहायची, म्हणजे माल आम्हाला कितीला पडला ते. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून अक्षरांत. फोड सांगावी की नाही... दुकान बंद झालं तरी जीभ अडते आहे.

——

काउंटरमागे

माझी नाही अडत. गणपतिबाप्पामोरया. नऊ अक्षरं : ग एक, ण दोन, प तीन, ति चार, बा पाच, प्पा सहा, मो सात, र आठ, या नऊ. शून्याला श्री. नवीन पोरगा कामाला लागला की बाबा त्याला आधी टेकडी गणपतीला पाठवायचे, मग हे पाठ करून घ्यायचे. घरात आम्हाला पाढ्यांच्या आधी हे यायचं. बाबा आईला भाजीचा भाव सांगतानाही 'गबा रुपये' म्हणायचे, म्हणजे पंधरा.

——

तर्रीपोहे

अरे बाप! म्हणजे आमच्या समोर उभं राहून गणपती करत होते अन् आम्हाले वाटे भक्त माणसं आहेत!

——

अंबाझरी

थांबा. ति चार, र आठ, बा पाच. म्हणजे दुकानाला ४८५ ला पडली आणि आईला ४८५ लाच दिली?? आईला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणते, त्या दिवशी मी पहिला पगार आहे असं बोलले होते काउंटरवर.

——

बर्डीकर

ताई, मला हेच म्हणायला आवडलं असतं. पण आजोबांना मी ओळखतो. पहिल्या पगारावर ते माठातलं पाणी द्यायचे, नफा सोडायचे नाहीत. दिवाळी झाली की उरलेल्या मालावर नवीन चिठ्ठी लागायची, पडतळीच्याच भावाची, पैसा मोकळा करायला. बहुतेक ते असणार.

——

काउंटरमागे

ताई, चिठ्ठीच्या कोपऱ्यात हिरव्या शाईची टिकली आहे का बघा.

——

अंबाझरी

आहे! फिकट झाली आहे, पण आहे.

——

काउंटरमागे

मग पडून राहिलेला माल. हिरव्या टिकलीचा नग खपवला की सेल्समनला पगारावर दोन रुपये मिळायचे. साल कोणतं?

——

अंबाझरी

१९८९. डिसेंबर.

——

काउंटरमागे

तेव्हा त्या काउंटरला बाबाच होते. आत्ताच विचारलं. त्यांना साडी आठवत नाही. दोन रुपये म्हटल्यावर हसले. म्हणाले, डिसेंबरात टिकलीचा माल खपवणं सोपं नव्हतं, बाई शिकलेली असणार, तिला काठ कळला.

——

अंबाझरी

आईला वाचून दाखवलं. 'शिळा माल' ऐकून आधी गप्प झाली. मग साडी उलगडून खिडकीत धरली आणि म्हणाली, त्यांना सांग, रंग अजून गेला नाही.